कार्ड फॉरमॅट करू नका, बाकीचं सावकाश बघू

प्रश्न : माझ्या मामांनी त्यांचा जुना डीएसएलआर कॅमेरा मला दिला. सोबत १८-५५ मिमीची झूम लेन्स आणि एक ५० मिमीची एफ/१.८ लेन्स. त्या दुसरीला झूमच नाही, म्हणून ती पिशवीतच असते. गेल्या आठवड्यात भाचीच्या नाचाचे फोटो काढले. स्क्रीनवर बघते तर बरेचसे हललेले, काही केशरी, काही हिरवट, काहींत आडवे काळपट पट्टे. दुसऱ्या दिवशी बागेत काढले ते सगळे निळे, आणि आकाशात एकाच जागी काळा ठिपका. मध्येच बटण दाबलं तरी क्लिक होत नाही. बॅटरी पटकन उतरते. आणि आता कॅमेरा म्हणतो, ‘कार्ड वाचता येत नाही, फॉरमॅट करा’. नाचाचे फोटो अजून कार्डातच आहेत. घरचे म्हणतात, विकून टाक ते डबडं, मोबाइल बरा. दुरुस्तीला द्यावा की खरंच विकावा?

उत्तर :

विकू नका, आणि दुरुस्तीलाही इतक्यात देऊ नका. तुमच्या पत्रात बऱ्याच तक्रारी आहेत. त्यात खरा बिघाड म्हणावा असा फार तर एक, आणि तोही कॅमेऱ्याचा नव्हे, कार्डाचा. बॅटरीचं वय झालं असेल. उरलेलं सगळं मामांनी ठेवलेल्या किंवा नकळत बदललेल्या सेटिंगचं, दिव्यांचं आणि धुळीचं आहे.

आधी कार्ड, कारण घाई फक्त तिथेच आहे. ते कॅमेऱ्यातून काढून ठेवा आणि त्यावर एकही नवा फोटो काढू नका. कार्डावर फोटोंबरोबर एक यादीही असते : कुठला फोटो कुठे सुरू होतो, कुठे संपतो. कॅमेरा ‘वाचता येत नाही’ म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा ही यादी बिघडलेली असते. अनुक्रमणिका फाटली म्हणून पुस्तकाची पानं गळत नाहीत, तसे फोटो जागच्या जागी असतात. साध्या फॉरमॅटनंतरही पुसली जाते ती मुख्यतः यादीच. पण त्यानंतर काढलेला प्रत्येक नवा फोटो जुन्या फोटोंच्या जागेवर लिहिला जाऊ शकतो, आणि तसा गेलेला फोटो कुणालाही परत आणता येत नाही.

तुमचं कार्ड एसडी असेल तर त्याच्या कडेला एक छोटी खिट्टी दिसेल. ती ‘लॉक’ लिहिलेल्या बाजूला सरकवा, म्हणजे चुकून काही लिहिलं जाणार नाही. (ही खिट्टी आपोआप सरकून ‘कार्ड लॉक आहे’ असा संदेश आला की अनेक जण कॅमेराच बिघडला असं समजतात.) कार्डाच्या मागचे सोनेरी पट्टे कोरड्या, धागे न सोडणाऱ्या कापडाने हलकेच पुसा. मग कॅमेऱ्याची केबल न वापरता वेगळ्या कार्ड रीडरमधून ते संगणकाला लावा. कधी कधी एवढ्यावरच सगळे फोटो दिसतात, कारण दोष कार्डाचा नसून मळलेल्या पट्ट्यांचा असतो. दिसले की आधी कॉपी करा, आनंद नंतर.

नाही दिसले तर संगणक विचारेल, ‘फॉरमॅट करायचं का?’ नाही म्हणा. ‘तपासून दुरुस्त करू का?’ असंही विचारेल. त्यालाही तूर्तास नाहीच म्हणा, कारण ती दुरुस्ती कार्डावरच लिहिते. आता फोटो परत मिळवून देणारा प्रोग्राम लागेल. फोटोरेक हा मोफत आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतो. दिसायला रूक्ष आहे, काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं, पण काम चोख करतो. बिघडलेल्या यादीकडे तो बघतच नाही, थेट फोटोंच्या खुणा शोधत जातो. सापडलेले फोटो ठेवण्यासाठी संगणकावरचं फोल्डर निवडा, कार्ड चुकूनही नको. फायलींची मूळ नावं जातील, क्रमही विस्कटेल. त्याची फार चिंता करू नका, तारीख-वेळ फोटोच्या आत नोंदलेली असते, त्यावरून पुन्हा लावता येतात. कार्ड लावल्यावर संगणकाला काही लावल्याचं कळतच नसेल, तर मात्र घरच्या घरी प्रयोग थांबवा. तिथे प्रोग्रामचा उपयोग नाही. डेटा परत मिळवून देणाऱ्या जाणकाराकडे ते तसंच न्या.

हे झालं कशाने? तुम्ही दोन वेगळ्या तक्रारी म्हणून लिहिलेल्या गोष्टी मला एकच वाटतात. फोटो कार्डावर लिहिला जात असताना कॅमेऱ्यावरचा छोटा दिवा लुकलुकतो. त्या वेळी कार्ड ओढून काढलं किंवा बॅटरीने मान टाकली, तर यादी अर्धवट लिहिली जाते. पटकन उतरणारी बॅटरी आणि घाईघाईत काढलेले ढीगभर फोटो, म्हणजे निमंत्रणच. दिवा विझेपर्यंत बॅटरीचं आणि कार्डाचं झाकण उघडायचं नाही, हा नियम आजपासून.

फोटो हाती आले, दोन ठिकाणी ठेवले, की कार्ड फॉरमॅट करा, पण कॅमेऱ्यातच, संगणकावर नाही. मग एच२टेस्टडब्ल्यू नावाच्या छोट्या प्रोग्रामने तपासून बघा (तो विंडोजवर चालतो, मॅक आणि लिनक्ससाठी त्याच धर्तीचा एफ३ आहे). कार्ड पूर्ण भरून, पुन्हा वाचून, लिहिलं तेच परत येतं का हे तो पाहतो. वर ६४ जीबी छापलेलं, आत त्याहून फार कमी जागा असलेलं बनावट कार्ड यात लगेच उघडं पडतं. तुमचं कार्ड पास झालं तरी मी ते पुन्हा कार्यक्रमाला नेणार नाही. सरावाला वापरा. नवं घ्याल तेव्हा कॅमेऱ्याचं वय बघा : ३२ जीबीच्या वरची एसडीएक्ससी कार्डं २००९मध्ये जाहीर झाली, त्याआधीच्या कॅमेऱ्यांना ती सहसा वाचता येत नाहीत आणि ते उगाच ‘फॉरमॅट करा’ म्हणत बसतात.

आता हललेले फोटो. परत मिळालेल्यांपैकी एक संगणकावर उघडा आणि त्याची माहिती बघा : शटरचा वेग (किती वेळ प्रकाश आत आला), ॲपर्चर (लेन्सचं भोक किती उघडं होतं; एफ/ पुढचा आकडा जितका लहान तितकं भोक मोठं), आयएसओ (प्रकाशाला कॅमेरा किती संवेदनशील), लेन्सची लांबी (मिमीत). प्रत्येक फोटोसोबत कॅमेरा ही नोंद ठेवतो. दुरुस्तीवाल्याकडे जाण्याआधी ती वाचली तर निम्मे खेटे वाचतील.

मग तो फोटो पूर्ण मोठा करून सावकाश न्याहाळा. भाचीच्या कानातला चमकणारा खडा घ्या. तो ठिपक्याऐवजी छोटी रेघ झाला असेल, आणि मागच्या पडद्यावरची चमकीही त्याच दिशेने, तेवढ्याच लांबीची रेघ झाली असेल, तर हललेला आहे तुमचा हात. पडद्याची वीण स्वच्छ आहे, भाचीचं कपाळही ठीक आहे, पण बोटं फरफटल्यासारखी दिसतात, तर हात स्थिर होता आणि हलली ती भाची. आणि रेघा कुठेच नाहीत, नुसता चेहरा मऊ आणि मागचा पडदा धारदार, तर कॅमेऱ्याने फोकस पडद्यावर धरला. तिन्हींना आपण ‘हललेला’ म्हणतो, पण तिन्हींचा इलाज वेगळा.

हात हलला असेल तर जुना हिशेब आहे : लेन्स जितक्या मिमीची, शटरचा वेग निदान सेकंदाचा तितकावा भाग हवा. तुमच्यासारख्या कॅमेऱ्यांत बहुधा छोटा सेन्सर (फोटो टिपणारी चिप) असतो, म्हणून त्याला दीडने गुणा. म्हणजे ५५ मिमीवर १/८०च्या आसपास, सुरक्षित म्हणून १/१००. लेन्सवर कंप रोखणारी सोय असेल तर याहून कमी वेगही चालतो. पण ती सोय फक्त तुमचा हात सांभाळते, नाचणारीचे पाय नाही. नाचाला १/२५० तरी हवाच, उड्या आणि गिरक्यांना १/५००. कॅमेरा शटर प्राधान्य मोडवर घ्या (त्यात वेग तुम्ही ठरवता, ॲपर्चर कॅमेरा), १/२५० ठेवा, आयएसओ ऑटोवर सोडा आणि त्याची कमाल मर्यादा ३२०० किंवा ६४०० करा. फोटोत दाणे येतील. येऊ देत. दाणे नंतर कमी करता येतात, फरफटलेला हात जुळवता येत नाही.

फोकसचा घोळ असेल तर कॅमेऱ्याला सगळे बिंदू मोकळे देऊ नका. एकच बिंदू निवडा, तो चेहऱ्यावर ठेवा, आणि फोकस सतत पाठलाग करणाऱ्या मोडवर ठेवा. एकदाच फोकस धरून थांबणारा मोड बसलेल्या माणसांसाठी आहे.

आणि ती पिशवीतली लेन्स! मामांनी दिलेल्या सामानात मला सगळ्यात मोलाची वाटते ती हीच. झूम लेन्स ५५ मिमीवर जास्तीत जास्त एफ/५.६ इतकीच उघडते. ही एफ/१.८ पर्यंत उघडते, म्हणजे नऊपटीहून अधिक प्रकाश आत येतो. त्याच दिव्यांत, त्याच आयएसओवर, १/३० ऐवजी १/२५० मिळतो. मॅन्युअल मोडवर, म्हणजे वेग आणि ॲपर्चर दोन्ही स्वतः ठरवून, एफ/२.२ वर ठेवा, पूर्ण उघडण्यापेक्षा धार बरी येते. झूम नाही तर दोन पावलं पुढे-मागे व्हायचं. एक अडचण येऊ शकते : कॅमेरा निकॉनच्या डी३००० किंवा डी५००० मालिकेतला असेल आणि लेन्स जुन्या पद्धतीची, स्वतःची मोटर नसलेली, तर आपोआप फोकस होणार नाही, कारण या कॅमेऱ्यांच्या बॉडीत फोकसची मोटर नसते. ही जोडीची मर्यादा आहे, बिघाड नाही. अशा जुन्या लेन्सवर ॲपर्चरची कडी असेल तर ती सर्वांत मोठ्या आकड्यावर नेऊन लॉक करा, नाहीतर कॅमेरा ‘एफईई’ दाखवून अडून बसेल.

केशरी, हिरवट आणि पट्टे हे तिन्ही दिव्यांचे उद्योग. जिथे वीज ५० हर्ट्झची असते तिथे ट्यूबलाइट आणि बरेच एलईडी सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात, ६० हर्ट्झ असेल तिथे १२० वेळा. डोळ्याला ते कळत नाही. वेगवान शटर मात्र त्यातला एक तुकडाच पकडतं, म्हणून एका फोटोत उजेड भरपूर, पुढच्यात कमी. ट्यूबलाइटचा तर त्या चढउतारात रंगही बदलतो. शिवाय वेगवान शटर म्हणजे सेन्सरवरून सरकत जाणारी अरुंद फट, त्यामुळे एकाच फोटोचे वेगवेगळे भाग वेगवेगळ्या क्षणी टिपले जातात आणि आडवे पट्टे उमटतात. ५० हर्ट्झला १/१०० किंवा १/५० ठेवलं की पट्टे जातात. पण नाचाला १/२५० हवा असं मी आत्ताच म्हटलं, ते कसं जमायचं? दोन्ही पूर्ण जमत नाही. जिथे नाच संथ आहे, मुद्रा धरलेली आहे, तिथे १/१०० वर घ्या, वेगवान भागात थोडे पट्टे सोसा आणि फोटो जास्त काढा. काही कॅमेऱ्यांत दिव्याचा तेजाचा क्षण पाहून क्लिक करणारी फ्लिकर रोखण्याची सोय असते, कॅननने ती २०१४च्या ७डी मार्क २मध्ये दिली. मेनूत शोधून बघा. रंगमंचाच्या काही एलईडी दिव्यांची लुकलुक विजेच्या हिशेबात बसत नाही, तिथे वेग थोडा थोडा बदलत पट्टे कमी कुठे होतात ते बघावं लागतं.

दुसऱ्या दिवशीचा निळा रंग वेगळ्या कारणाचा. कार्यक्रमात केशरीपणा घालवायला तुम्ही, किंवा कधीतरी मामांनी, व्हाइट बॅलन्स (दिव्यानुसार रंग सुधारणारं सेटिंग) बल्बच्या चिन्हावर नेला असणार. त्यामुळे कॅमेरा पिवळ्या प्रकाशावर उतारा म्हणून निळा रंग मिसळत राहतो, मग बाहेर लख्ख ऊन का असेना. ऑटोवर न्या. तिथे आहातच तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ किंवा गडद करणारं सेटिंग) शून्यावर आहे का तेही बघा. दुसऱ्याच्या हातून आलेल्या कॅमेऱ्यात ते हमखास कुठेतरी अडकलेलं असतं. मेनूतून सगळी सेटिंग मूळ पदावर आणण्याचा सोपा मार्ग आहेच, त्याने कार्डावरचे फोटो जात नाहीत. तरी माझा सल्ला, आधी एकेक बघा आणि मग रीसेट करा. एकदम रीसेट केलं तर दुखणं जाईल, पण कुठलं होतं ते कळणार नाही.

बटण दाबूनही क्लिक होत नाही, यासाठी एकच चाचणी करा. लेन्सवरची खिट्टी ‘एएफ’वरून (आपोआप फोकस) ‘एमएफ’वर (हाताने फोकस) न्या, खिट्टी नसेल तर हेच मेनूत मिळेल, आणि बटण दाबा. क्लिक झालं? मग शटर ठणठणीत आहे, अडतंय ते फोकसचं. कोऱ्या भिंतीवर, अंधारात किंवा फार जवळून कॅमेऱ्याला फोकस सापडत नाही आणि तो न सापडता फोटो घ्यायचं नाकारतो. १८-५५ लेन्स साधारण पाव मीटरच्या आत चालतच नाही. चेहऱ्याच्या कडेवर, कपड्याच्या काठावर, जिथे उजेड-काळोखाची सीमा आहे तिथे बिंदू ठेवा. एमएफवरही क्लिक नाही झालं, तर लेन्स काढून पुन्हा ‘टक्’ आवाज होईपर्यंत फिरवून बसवा, तिच्या मागचे धातूचे ठिपके कोरड्या कापडाने पुसा, बॅटरीचं झाकण नीट लागलंय का बघा. कॅननवर ‘एरर ०१’ येतो तो याच लेन्स आणि कॅमेऱ्यामधल्या तुटक संपर्काचा असतो. एका वेळी एकच गोष्ट बदला : आधी लेन्स, मग कार्ड, मग बॅटरी.

काळा ठिपका म्हणजे सेन्सरवरची धूळ. खात्री करायची तर ॲपर्चर एफ/१६ किंवा २२ करा, फोकस मुद्दाम बिघडवा आणि कोऱ्या आकाशाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा फोटो घ्या. ठिपका तिथेच, अधिक गडद दिसेल. एफ/४ला जवळजवळ नाहीसा होईल. लेन्सच्या पुढच्या काचेवरची धूळ असा ठिपका पाडत नाही, म्हणून ती काच घासत बसू नका. कॅमेऱ्यात सेन्सर आपोआप झटकण्याची सोय असेल तर ती आधी चालवा. नसेल, किंवा भागलं नाही, तर बॅटरी पूर्ण भरा, मेनूतून हाताने सफाईचा पर्याय निवडा म्हणजे आरसा वर जाईल, कॅमेऱ्याचं तोंड खाली करा आणि रबरी ब्लोअरने हवा मारा. ब्लोअरचं टोक आत जाऊ द्यायचं नाही. अर्धवट भरलेल्या बॅटरीवर हे करू नका. मध्येच ती संपली तर आरसा खाली आपटतो. फोटोत वर दिसणारा ठिपका सेन्सरवर खालच्या बाजूला असतो, हे लक्षात ठेवा. तोंडाने फुंकायचं नाही, थुंकीचे कण उडतात. डब्यातली दाबलेली हवाही नको, तिच्यातून द्रव बाहेर पडून डाग राहतो. कापूस, रुमाल यांचं तर नावच काढू नका. ब्लोअरने गेला नाही तर तो चिकट डाग, त्याला ओला स्वॅब (सेन्सर पुसायची काडी) लागतो, ते काम पहिल्यांदा जाणकाराकडून करून घ्या आणि बघून शिका.

व्ह्यूफाइंडरमध्ये (डोळा लावून बघायच्या खिडकीत) ठिपका दिसतो पण फोटोत नाही, असं झालं तर हातच लावू नका. ती धूळ आतल्या मऊ पडद्यावर असते, आणि पुसायला गेलं की कायमचा ओरखडा.

बॅटरीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. मागच्या स्क्रीनवर बघून फोटो काढत असाल तर ती निम्म्याहूनही लवकर संपते, व्ह्यूफाइंडरला डोळा लावा. वायफाय, ब्लूटूथ, जीपीएस बंद करा. थंडीत ती लवकर मान टाकते, खिशात उबेला ठेवली की थोडी परत येते. तरीही टिकत नसेल तर नवी घ्या. फुगलेली, झाकणात अडकणारी बॅटरी मात्र आजच वापरातून काढा, चार्जही करू नका.

दुरुस्तीला खरोखर कधी द्यायचा? लेन्स, कार्ड, बॅटरी तिन्ही बदलून पाहिल्यावरही तोच एरर आला, तर. फ्लॅश न वापरता अर्धा फोटो काळा येत असेल तर शटरचा पडदा गेला. साध्या डीएसएलआरला कंपन्या साधारण १ लाख क्लिकचं आयुष्य धरतात, मामांनी त्यातले किती वापरले ते त्यांनाच विचारा. (फ्लॅश वापरून काळी पट्टी येत असेल तर शटर १/२०० किंवा त्याखाली आणा, तो बिघाड नाही.) कॅमेरा पाण्यात पडला तर सुरू करून बघायचा मोह टाळा, बॅटरी काढा आणि तसाच न्या. आणि त्या ५० मिमीच्या लेन्सला एकदा टॉर्च लावून आरपार बघाच. बंद पिशवीत पडून असलेल्या लेन्समध्ये कोळिष्टकासारखी बुरशी धरते. धरली असेल तर लवकर साफ करून घ्या, ती काच खाते. नसेल तर यापुढे ४० ते ५० टक्के आर्द्रतेत ठेवा, नाहीतर घट्ट डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर.

एवढं करूनही काही अडलं तर पुन्हा लिहा. या वेळी कॅमेऱ्याचं मॉडेल कळवा, आणि अडचणीचा फोटो पाठवाल तो मूळ फाइल म्हणून. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून टाकलात तर त्यातली शटर, ॲपर्चरची सगळी नोंद गळून जाते. तिथेच पाठवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून जोडा.